डावा कोपरा

उजव्या हाताची तर्जनी जिभेला लावायची, हवेत उभी धरायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि थोडा वेळ गेला की जाहीर करायचं, "पश्चिमेचा आहे. म्हणजे पूर्वेकडून येणार."

काय येणार, हे ऐकणाऱ्याला माहीत असो वा नसो. जर्मनीत, आमच्या नेकारसुल्म गावच्या बसस्टॉपवर, कारखान्याच्या कँटीनच्या रांगेत, एकदा तर आमच्या घरी गणपतीची आरती चालू असताना कुणी बाल्कनीचं दार उघडलं तेव्हाही मी ते बोट वर झालेलं पाहिलं आहे. जर्मन मंडळी जरा लांब सरकून उभी राहत. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं, तेव्हा वारा कुठला हे कळलं की विमान कुठून येणार ते कळतं, एवढंच त्या बोटाचं शास्त्र. विमानतळ तिथून साठेक किलोमीटर लांब होता, ही गोष्ट वेगळी.

त्या बोटाच्या मालकांना मी काका म्हणत असे. आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, ते आणि काकू दोघंच राहत. काका मोटारींच्या मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात होते. गाडीचं दार आणि चौकट यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे ना, हे बघायचं त्यांचं काम. अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्यांना नुसत्या डोळ्यांना दिसायचा, आणि दिसला की हा गृहस्थ बेचैन व्हायचा. पहिल्यांदा माझ्याकडे चहाला आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटाचं एक दार किंचित खाली आलेलं त्यांनी पाहिलं. चहा बाजूला ठेवला आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन चहाला येणारा माणूस तोवर माझ्या पाहण्यात नव्हता. तुमच्या असेल तर तुम्ही भाग्यवान.

मी त्याच कारखान्यात, खरेदी विभागात नोकरी करते. इथे त्याला आयनकाउफ म्हणतात. दिवसभर लोकांशी भावावरून भांडायचं आणि महिन्याच्या शेवटी त्याचाच पगार घ्यायचा. माझी आई म्हणते, हे तर तू लहानपणी मंडईत फुकट करायचीस. हे आधीच सांगून टाकते, कारण काकांनी काढलेल्या एका फोटोशी माझा संबंध आला तो या भांडकुदळपणामुळे.

शनिवारी सकाळी काका आणि काकू गाडी काढून श्टुटगार्टच्या विमानतळाकडे निघत. एकदा गंमत म्हणून मीही गेले आणि मग जातच राहिले. धावपट्टीच्या टोकाला उंच कुंपण आणि कुंपणाला लागून कोबीची शेतं. आपल्याकडचा गोल गड्डा नव्हे, वर टोक असलेला कोबी. बांधावर आठ-दहा माणसं ॲल्युमिनियमच्या छोट्या शिड्या लावून उभी असत, कारण कुंपणाच्या वरून फोटो काढायचा तर शिडी हवीच. काकांची जागा ठरलेली आणि पायरीही ठरलेली, तिसरी.

त्या सकाळी अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. धुकं कोबीच्या ओळींमध्ये पडून राहिलेलं असायचं. कुणी बोलत नसे. मग कुठून तरी, दिशा न कळणारा, एक बारीकसा घोगरा आवाज यायचा. शिडीवरच्या सगळ्या माना एकदम वळायच्या आणि धुक्यात दोन दिवे तरंगू लागायचे. ते येत आहेत की जागच्या जागी आहेत, हे बराच वेळ समजत नसे. त्या वेळात मला माझी नोकरी, घराचं भाडं, आईची गुडघेदुखी, कशाची म्हणून आठवण राहत नसे. विमान डोक्यावरून जाई, कोबीची पानं थरथरत, आणि पुन्हा सगळं शांत. मी एकदा विचारलं, "काका, आता पुढचं कधी?" तर म्हणाले, "घाई विमानाला असते, आपल्याला नाही." हे वाक्य ते बस चुकली तरी म्हणत.

काकूंची घडीची खुर्ची शिडीच्या मागे दहा पावलांवर, बांधावर मांडलेली असे. मांडीवर भाजी. गवार मोडायची, मटार सोलायचे, काहीच नसलं तर विणकाम. विमानं त्यांच्या पाठीकडून यायची, डोक्यावरून जायची आणि काकांच्या पुढ्यात उतरायची. पण काकूंची मान काही वर व्हायची नाही.

"काकू, बघा तरी एकदा," मी म्हटलं.

"अगं, खालून सगळी सारखीच. आणि गवारीच्या शिरा कोण काढणार, वैमानिक?"

काकू सांगलीला एका शाळेत भूगोल शिकवायच्या. काकांना इथली नोकरी मिळाली तेव्हा चाळिशी उलटलेल्या काकूंनी शाळा सोडली, भिंतीवरचे नकाशे गुंडाळून शिपायाच्या हवाली केले आणि इथे आल्या. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच कोबीच्या भावाकडे वळल्या. शेतकऱ्याच्या टपरीवरून त्या दर शनिवारी एक कोबी घ्यायच्या. "यांचं विमान आणि माझा कोबी," असा त्यांचा हिशेब होता.

काकांचे फोटो चांगले होते. मला त्यातलं कळत नाही, पण लोक मागत, यावरून सांगते. एखादं ट्रॅव्हल एजंटाचं पत्रक, एखाद्या क्लबचं कॅलेंडर, कुणाची वेबसाइट. पत्र आलं की काका फोटो देऊन टाकत. बदल्यात नाव बारीक अक्षरांत छापून येई आणि सोबत एक चहाचा मग येई. काकूंच्या फडताळात असे चौदा मग होते. "आणखी एक मग आला तर मी चहा सोडेन," असं त्या म्हणायच्या.

मग ते पांढरं विमान आलं.

ऑक्टोबरातली सकाळ होती. मी त्या दिवशी नव्हते, फोटो नंतर पाहिला. चार इंजिनांचं मालवाहू विमान, अंगावर ना नाव ना रंग, नुसतं पांढरं. कुंपणावरच्या पट्टीच्या लोकांना असली विमानं आवडत नाहीत, त्यांना रंगीत शेपट्या हव्या असतात. काका म्हणायचे, "बारसं न झालेलं बाळ आहे ते. त्याच्याकडे कुणी तरी बघायला नको?" म्हणून ते विमान येताना दिसलं तसे तिसऱ्या पायरीवर ते उलटे वळले आणि कुंपणाकडे पाठ करून शेताच्या बाजूचा फोटो काढला. धुकं नुकतं फाटलेलं, खाली कोबीच्या ओळी, वर सगळं आकाश व्यापून ते पांढरं पोट. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, बांधावर, लाल जॅकेट घालून खुर्चीत बसलेल्या काकू. अगदी एवढ्याशा.

हाइलब्रॉनजवळच्या एका मालवाहतूक कंपनीने तो फोटो कुठे तरी इंटरनेटवर पाहिला. विमानावर कुणाचंच नाव नाही, म्हणजे आणखी कुणाची परवानगी नको, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांना तो आपल्या ट्रकच्या बाजूंवर हवा होता. त्यांनी लिहिलं, आपली किंमत कळवावी.

चहाच्या मगऐवजी किंमत! काका दोन दिवस बोटसुद्धा वर करायला विसरले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे चार पानी तक्ता घेऊन आले. मोटारीच्या सुट्या भागाची किंमत काढतात तशी त्यांनी फोटोची काढली होती. पेट्रोल. कॅमेऱ्याची झीज. शिडीची झीज. थर्मासमधला चहा. बाद झालेल्या फोटोंचा खर्च चांगल्या फोटोवर टाकलेला. या सगळ्याची बेरीज एकतीस युरो चाळीस सेंट.

"आणि तुमचे तास?" मी विचारलं.

"ते कसे धरणार? शनिवार होता. मी मजेत होतो."

"काका!" मी कपाळावर हात मारला. "तुम्ही दाराचं हँडल विकताय का? फोटो तुमच्याकडेच राहणार आहे. तुम्ही फक्त वापर देताय, भाड्यानं. मंगल कार्यालय भाड्यानं देतात, तेव्हा विटांची किंमत काढतात का? किती दिवस, किती पानं उठणार, स्वयंपाकघर पाहिजे का, यावर भाडं ठरतं. तसंच हे. किती ट्रक, किती वर्षं, कुठल्या देशांत, आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कुणाला द्यायचा की नाही. एवढं ठरवा, मग आकडा."

त्यांनी तक्त्याची घडी घातली. "गेनाऊ," म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. मग घडी खिशात घालत, "आणि लग्न झाल्यावर भिंत पाडायची नाही, हेही लिही."

तेव्हा मला ते वाक्य नुसतं गमतीचं वाटलं. एक वर्ष, वीस ट्रक, फोटोग्राफरचं नाव, आणि फोटोत बदल करायचा नाही, असं मी नीट जर्मनमध्ये लिहून दिलं आणि चांगला घसघशीत आकडा टाकला. आठ दिवसांनी उत्तर आलं. आकडा मान्य होता. फक्त कंपनीचं चिन्ह डाव्या कोपऱ्यात बसवायचं होतं, सबब तिथली बाई पुसावी लागेल. काका सगळेच हक्क कायमचे विकणार असतील तर कंपनी तिप्पट द्यायला तयार होती.

तिप्पट! माझ्यातली खरेदी विभागातली बाई उठून नाचायला लागली. काका मात्र नाही म्हणाले.

"अहो, तिप्पट देतायत."

"म्हणजे बघ, पुसणं किती महाग आहे ते त्यांनाही कळलंय."

मी चिडले. एवढ्याशा ठिपक्यासाठी हातचं घालवताय, असं काहीबाही बोलले. त्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला आणि तो कोपरा मोठा करत नेला. काकूंचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा झाला, मग मटाराएवढा, मग धूसर झाला. चेहरा वर होता.

"बघितलंस?" ते हळूच म्हणाले. "वर बघतेय. अकरा वर्षं माझ्याबरोबर येते, एकदाही मान वर केली नाही. त्या दिवशी केली."

 त्यांच्या बोलण्यात सहसा न येणारं काही तरी त्यांना बोलायचं होतं, आणि मी पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं नाही.

"हिची शाळा मी सोडवली. इथं आणलं. इथं आणून शनिवार पण माझ्याच नादाला जुंपला. बोलत नाही ती, पण मला कळतं ना. कंटाळते गं. या एका फोटोत ती कंटाळलेली नाहीये. तो कोपरा कापून कसा देऊ?"

"मग काकूंना दाखवा की हा फोटो."

"नको नको. कळलं तर पुन्हा कधी वर बघायची नाही. तूही बोलू नकोस."

मी कबूल केलं. पण आता नवीनच पंचाईत झाली. मी कंपनीला कळवलं की बाई पुसली जाणार नाही. तेव्हा त्यांनी उत्तर पाठवलं, मग त्या बाईंची लेखी संमती हवी. जाहिरातीत माणूस दिसणार तर त्या माणसाची सही लागतेच, कायदाच आहे तसा. काका हातात कागद घेऊन तासभर फेऱ्या मारत राहिले. शेवटी त्यांनी तो विजेच्या मीटरचा फॉर्म आणि घराच्या विम्याचा कागद यांच्यामध्ये घातला. आमच्याकडच्या कितीतरी घरांत जर्मन कागदांची हीच तऱ्हा असते. नवरा कागद पुढे सरकवतो, बायको विचारते "कुठं?" आणि सही करते. काकूंनीही सह्या केल्या. तीन सह्या, आणि पुन्हा गवार.

"हे काही बरोबर नाही, काका," मी जिन्यात म्हटलं.

"नाहीच आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा चोरी पचलेल्या मुलासारखा झाला होता.

कंपनीत बोलणी करायला आम्ही दोघं गेलो. मी तयारीनं गेले होते, पण मला तोंड उघडावंच लागलं नाही. समोरच्या बाईंनी फोटो पुढे ओढला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ही कोण? "माइनं फ्राउ," काका म्हणाले, माझी बायको. मग आपल्या मोडक्या जर्मनमध्ये त्यांनी अकरा वर्षांचा सगळा पाढा वाचला. कोबी, गवार, लाल जॅकेट, सगळं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिल घेतली, "आल्झो," म्हणाल्या, म्हणजे ठीक तर, आणि चिन्हाचा चौकोन उजवीकडे काढला.

दर वर्षी नव्याने विचारायचं, या अटीवर करार झाला. तिप्पट नाही मिळाले, आधी ठरलेलेच मिळाले. आणि सोबत एक मग आला.

वसंतात ते ट्रक रस्त्यावर आले. काका मला बोलावून बोलावून सांगत, आज एक माग्डेबुर्गकडे जाताना दिसला, आज एक पोलंडच्या वाटेवर होता म्हणे. काकूंसमोर यातला चकार शब्द नाही. शनिवार तसेच चालू होते. काका तिसऱ्या पायरीवर, काकू मान खाली घालून. विमान आलं की काका चोरून एकदा मागे बघायचे. मला त्यांचं हसू येई आणि वाईटही वाटे.

करार दोनदा वाढला. तिसऱ्या हिवाळ्यात काकांना दम लागू लागला. शिडी गाडीतच राहायची, ते काच खाली करून नुसतं बोट बाहेर काढत. फेब्रुवारीत ते गेले. दवाखान्याच्या खिडक्या उघडत नव्हत्या, त्यामुळे शेवटच्या दिवसांत वारा कुठला हे त्यांना कुणी सांगू शकलं नाही. मी फोनवर बघून सांगायचे, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं. त्या पेन्सिलवाल्या बाई निवृत्त झाल्या होत्या, त्यांच्या जागी नवीन माणूस होता. नवीन गाड्या, नवीन मांडणी. त्यांना फोटो कायमचा विकत हवा होता, कोपरा पुसायची मोकळीक हवी होती, आणि या वेळी आकडा खरोखरच मोठा होता. काकूंना एकटीला इथे राहायचं तर तो उपयोगी पडला असता, हे मला दिसत होतं. निर्णय आता त्यांचा होता आणि त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. काकांना दिलेला शब्द मोडायचं ठरवून मी लॅपटॉप घेऊन वर गेले.

काकू मेथी निवडत होत्या. मी फोटो उघडला, पत्र वाचून दाखवलं, आणि म्हटलं, "काकू, तुम्हाला एक सांगायचंय. या कोपऱ्यात..."

"मी आहे," काकू म्हणाल्या.

त्यांचा मेथी निवडणारा हात थांबलाही नाही.

"अगं, सही केली तेव्हाच वाचलं होतं की. इतकी वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकले ते काय उगाच? विजेचा फॉर्म, विम्याचा फॉर्म, आणि मध्ये माझ्याच फोटोचा कागद. नंतर तो ट्रकसुद्धा जाऊन बघून आले, बसनं."

"आणि काकांना बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? केवढे खूश होते. बायकोनं विमान बघितलं म्हणून." त्यांनी हात पदराला पुसले, स्क्रीन जवळ ओढली आणि बोट त्या धूसर चेहऱ्यावर ठेवलं. "विमान कुठलं बघतेय मी? विमान माझ्या पाठीकडून येतंय. हे शिडीवर उलटे फिरले. हातात तो जड कॅमेरा, पाय तिसऱ्या पायरीवर. मला वाटलं, पडतायत. यांच्याकडे बघत होते मी."

अर्ध्या मिलिमीटरची फट ओळखणाऱ्या माणसाला आपल्या बायकोची नजर कुठे आहे, ते ओळखता आलं नव्हतं. मला रडू आलं. काकूंना नाही आलं, त्या पुन्हा मेथीकडे वळल्या होत्या.

"कंटाळा नाही यायचा तुम्हाला तिथं?" मी विचारलं.

"विमानांचा यायचा," काकू म्हणाल्या. "विमानं बघायला कोण जात होतं?" आणि मेथीची जुडी बाजूला ठेवून, "लिही त्यांना. विकायचा नाही. भाड्यानंच, एक वर्ष. आणि कोपरा राहू दे. हे आहेत त्यात."

तसं लिहिलं. नव्या माणसाने कुरकुर केली, पण जुनेच ट्रक आणखी वर्षभर तसेच चालवायचं कबूल केलं.

परवा ए-सहा महामार्गावर नेहमीसारखा श्टाऊ झाला, गाड्यांची ही लांबलचक रांग. बरेचजण इंजिनं बंद करून बसले होते. धुकं होतं. माझ्या शेजारच्या रांगेत एक ट्रक हळूहळू पुढे सरकत आला आणि थांबला. पावसानं जरा मळलेलं ते पांढरं पोट, कोबीच्या ओळी, आणि अगदी माझ्या खिडकीशी, खाली डावीकडे, लाल जॅकेटमधल्या काकू. मी काच खाली केली. इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या जरा वर, तिसऱ्या पायरीच्या उंचीवर जिथं कुणी तरी उभं असावं, तिथं बघत होत्या.